दगड उचलण्याची शिकवणी

दगड उचलायला कुणाला शिकवावं लागत नाही. रांगतं पोरही अंगणातला खडा अचूक उचलतं आणि पुढची पायरी, म्हणजे तो तोंडात घालणं, तीही विनामार्गदर्शन पार पाडतं. या उपजत विद्येसाठी अमेरिकेनं १९६० च्या दशकात नामवंत प्राध्यापक, विमानं, खेचरं, सुरुंगाची दारू आणि सरकारी तिजोरी कामाला लावली. विद्यार्थी म्हणून बसवले ते चंद्रावर जाऊ घातलेले अंतराळवीर, बहुतेक लढाऊ विमानांचे चाचणी वैमानिक. जमीन ही फक्त उतरण्यापुरती कामाची वस्तू, असं मानणारी ही माणसं.

त्यांचंही चुकत नव्हतं. त्यांनी अर्ज केला होता तो यान चालवण्यासाठी. हाती पडलं काय, तर भिंग, हातोडा आणि खनिजांच्या नावांची यादी. प्लॅजिओक्लेज, पायरॉक्सीन, ऑलिव्हिन, इल्मेनाइट. ही नावं फळ्यावर उमटत असताना मागच्या बाकांवर काय चालत असेल, हे जेवणाच्या सुट्टीनंतरचा भूगोलाचा तास ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

आणि ज्यांना खरोखर जायचं होतं, ते फळ्यापाशी उभे होते. युजीन शूमेकर हे भूवैज्ञानिक तरुणपणापासून चंद्रावर हातोडा घेऊन जाण्याचं स्वप्न बाळगून होते. ॲरिझोनातलं मिटिऑर क्रेटर हे विवर ज्वालामुखीनं नव्हे तर उल्केच्या आघातानं झालंय, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवलं होतं. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात ग्रहांच्या भूशास्त्राची शाखाही त्यांनीच उभी केली. ऐन उमेदीत त्यांना ॲडिसनचा विकार निघाला आणि वैद्यकीय तपासणीची दारं बंद झाली. त्याच सुमारास, जानेवारी १९६३ मध्ये, त्यांनी नऊ नव्या अंतराळवीरांना तेच विवर दाखवायला नेलं. त्या नऊ जणांत नील आर्मस्ट्राँग होता. ज्याला दगडांचं वेड त्याला प्रकृती जाऊ देईना, आणि ज्यांना प्रकृतीची साथ होती त्यांना दगडांचं वेड लावायचं होतं. पुढची दहा वर्षं या शिकवणीचा सगळा खटाटोप एवढ्याचसाठी चालला.

मार्च १९६४ मध्ये वर्ग ग्रँड कॅन्यनला गेला. अंतराळवीरांच्या जोड्या पाडल्या, सोबत भूवैज्ञानिक दिले आणि सगळी वरात दरीत उतरली. चढताना काहींनी खेचरांचा आधार घेतला. सुपरसॉनिक विमानातून थेट खेचरावर, अशी पदोन्नती फार थोड्यांच्या वाट्याला येते.

आता ग्रँड कॅन्यन चंद्रासारखं आहे का? अजिबात नाही. नदीनं कापलेली दरी, समुद्राच्या तळाशी साचलेले गाळाचे थर. चंद्रावर ना नदी, ना समुद्र, ना गाळ. पण मास्तरांचा हिशेब वेगळा होता. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, आणि आडवा कापत गेलेला त्याहून नंतरचा, हे व्याकरण ज्याला डोळ्यांनी वाचता येतं, त्याला चंद्रावर विवराच्या पोटात विवर दिसलं की कोण थोरलं आणि कोण धाकटं हे सांगता येतं. घराण्याची वंशावळ विचारायला तिथे कुणी भेटणार नसल्यानं ती दगडांनाच विचारायची होती.

पुढे चंद्रासारख्या जागांचा शोध सुरू झाला आणि शिकवणीचा पसारा वाढला. हवाईचे ज्वालामुखी, आइसलँडमधला आस्क्याचा ओसाड प्रदेश, मेक्सिकोतलं पिनाकाते, नेवाडातली अणुचाचण्यांनी पाडलेली विवरं. ओरेगन राज्यात बेंड नावाचं गाव आहे, त्याच्या जवळ लाव्हाची ओबडधोबड माळरानं आहेत. तिथे १९६४ मध्ये वॉल्टर कनिंगहॅम या अंतराळवीराला चांद्रपोशाख चढवून चालायला लावलं. तो धडपडला आणि लाव्हाच्या धारेनं त्याचा हातमोजा फाटला. ओरेगनमध्ये फाटलेल्या हातमोज्याची किंमत एक हातमोजा. चंद्रावर ती किती झाली असती, हे कुणी मोठ्यानं बोललं नसावं.

इतकं फिरूनही समाधान झालं नाही, तेव्हा चंद्र घरीच बनवायचं ठरलं. ॲरिझोनात फ्लॅगस्टाफजवळ सिंडर लेक नावाचं मैदान आहे. सनसेट क्रेटर या ज्वालामुखीनं सुमारे ९०० वर्षांपूर्वी ओकलेल्या काळ्या खड्यांनी ते भरलंय. शूमेकर यांच्या शाखेनं चंद्रावरच्या, ‘शांततेचा सागर’ असं नुसतं नाव असलेल्या कोरड्या मैदानातल्या एका तुकड्याचं यानानं काढलेलं छायाचित्र समोर ठेवलं आणि जुलै १९६७ मध्ये चार दिवसांत त्याबरहुकूम ४७ विवरं सुरुंगानं उडवली. पुढे ती १४३ केली. शेजारी आणखी एक मैदान घेऊन तिथे ३५४ पाडली. यातली खरी कारागिरी आकड्यात नव्हती. सुरुंग क्रमानं उडवले होते. आधी ‘जुनी’ विवरं, मग त्यांच्या अंगावर ‘नवी’, म्हणजे एकानं उडवलेली माती दुसऱ्यावर पडून वयांचा क्रम खरा दिसावा. दुपारी पाडलेल्या खड्ड्याला सकाळच्या खड्ड्याचा धाकटा भाऊ करून ठेवायचं. मग अंतराळवीरांना मध्ये उभं करून, हातात आकाशातून काढलेला फोटो देऊन विचारायचं, ‘तुम्ही कुठे आहात?’

आपल्याकडे रस्त्यावर असे खड्डे फुकट तयार होतात, हा विनोद इथे टाळता आला असता. पण इस्रोनंही नेमकं हेच केलं, तेही मुद्दाम आणि मोजून मापून. चांद्रयानाच्या लँडरची संवेदकं तपासण्यासाठी कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या चळ्ळकेरे भागात चंद्रावरच्यासारखी विवरं खणली आणि त्यांच्यावरून उपकरणं लावलेलं विमान फिरवलं. चंद्राची माती हवी होती, ती परदेशातून आणणं परवडेना. तेव्हा तमिळनाडूत नामक्कल जिल्ह्यातल्या सित्तमपुंडीचा अनॉर्थोसाइट हा खडक दळून ती घरच्या घरी तयार केली. चंद्राच्या उंच, उजळ भागाचा मुख्य खडक हाच. हे नाव लक्षात ठेवावं, पुढे त्याला मोठी भूमिका आहे.

आणि लोणार? बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि थेट बेसॉल्ट या लाव्हाच्या खडकात पडलेलं. पृथ्वीवरची बहुतेक आघाती विवरं दुसऱ्या खडकांत आहेत. चंद्राचे काळे ‘सागर’ मात्र बेसॉल्टचेच. म्हणजे सरावाला याहून सरस जागा शोधून सापडली नसती. अपोलोच्या, म्हणजे अमेरिकेच्या या चांद्रमोहिमांच्या, सरावाच्या यादीत लोणार नव्हतं. ते आघातानंच झालं असं सांगणारा ठोस अभ्यास ‘सायन्स’मध्ये छापून आला १९७३ साली आणि अपोलोची शेवटची मोहीम आटोपली होती डिसेंबर १९७२ मध्ये. वर्ग सुटल्यावर वर्गखोली मिळाली. लवणासुराची कथा सांगणाऱ्या गावकऱ्यांनी मात्र इथे वरून काहीतरी जबरदस्त येऊन पडलं हा मुद्दा कधीच सोडला नव्हता, फक्त ते उल्का म्हणत नव्हते, विष्णू म्हणत होते.

खड्डे, माती, लाव्हा हे सगळं जमलं तरी शिकवणी अळणीच होती. तिच्यात मीठ घातलं ते हॅरिसन श्मिट यानं. अंतराळवीरांत तो एकटाच हाडाचा भूवैज्ञानिक. सहकारी कंटाळलेले त्याला दिसत होते. त्यानं कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले आपले गुरू ली सिल्व्हर यांना गळ घातली. सप्टेंबर १९६९ मध्ये सिल्व्हर यांनी जिम लॉव्हेल, फ्रेड हेझ, जॉन यंग आणि चार्ली ड्यूक या अंतराळवीरांना कॅलिफोर्नियातल्या ओरोकोपिया डोंगरात नेलं. वाळवंट, ऊन, तंबू, आणि पहाटेपासून दगड.

सिल्व्हर यांची रीत साधी आणि छळवादी होती. जागेवर न्यायचं. काही मिनिटं नुसतं बघायला लावायचं. मग म्हणायचं, सांगा काय दिसतंय. दगडाचं नाव नको, दिसतंय ते सांगा. रंग कोणता, कण केवढे, भोकं आहेत का, असतील तर गोल की चपटी, हा आजूबाजूच्या दगडांसारखाच आहे की परक्या गावचा. मग पुढचा प्रश्न, तुम्हाला इथून एकच उचलता आला तर कोणता उचलाल? आणि शेवटचा, मेख मारणारा, तोच का?

इथे ही विद्या उपजत नसल्याचं उघड होतं. रांगत्या पोराला ‘तोच का’ हे कुणी विचारत नाही.

वैमानिकांचा स्वभाव असा की कुठल्याही गोष्टीत कौशल्य दिसलं आणि त्यात दुसरा पुढे जाताना दिसला, की झोप उडते. दगड ओळखण्याची चढाओढ सुरू झाली आणि ज्यांना दगडांत रस नव्हता ते रात्री शेकोटीपाशी बेसॉल्टवर वाद घालू लागले. या पहिल्या तुकडीचं नशीब मात्र पाहण्यासारखं. एवढ्या तयारीनंतर लॉव्हेल आणि हेझ अपोलो १३ घेऊन निघाले, वाटेत ऑक्सिजनची टाकी फुटली आणि चंद्राला वळसा घालून ते एकही खडा न उचलता परतले.

अपोलो १५ च्या वेळी सिल्व्हर यांची शाळा रंगात आली. डेव्ह स्कॉट आणि जिम अर्विन यांना जवळजवळ दर महिन्याला कुठल्यातरी डोंगरात नेलं जाई. पाठीवर नकली पाठपिशव्या, छातीवर कॅमेरे, हातात रेडिओ. चंद्रावरची हॅडली घळ हे त्यांचं उतरायचं ठिकाण, म्हणून न्यू मेक्सिकोतल्या रिओ ग्रांदेच्या दरीच्या कडेनं सराव. रेडिओच्या दुसऱ्या टोकाला जो ॲलन. हा अंतराळवीर पेशानं भौतिकशास्त्रज्ञ, आणि मोहिमेत पृथ्वीवरून चंद्राशी बोलणारा ‘कॅपकॉम’ तोच असणार होता. त्याला मुद्दाम नजरेआड बसवत, म्हणजे स्कॉटचं वर्णन ऐकून त्याला न पाहिलेला डोंगर दिसला पाहिजे. नवरा फोनवरून बायकोला ‘अगं, तो डबा कुठला?’ विचारतो तेव्हा जे घडतं, ते इथे अजिबात घडू द्यायचं नव्हतं.

आणि नुसतं वर्णन करून दगड पिशवीत जात नव्हता. आधी त्याचा रीतसर पंचनामा.

दगडाजवळ तीन पायांचं एक उपकरण उभं करायचं, त्याला नोमॉन म्हणत. त्याच्या मधोमध सुटी लोंबणारी दांडी असते, ती सरळ खाली कुठली दिशा हे दाखवते. तिची सावली सूर्य कुठे आहे हे सांगते, आणि पायावरची रंगपट्टी फोटोतला रंग खरा की खोटा हे ठरवते. मग उन्हाकडे पाठ करून एक फोटो. मग आडव्या बाजूनं एक, पाऊलभर सरकून आणखी एक, म्हणजे दोन्ही मिळून दगडाला खोली येते. मग दूरवरच्या खुणेसकट एक. मग चिमट्यानं उचलायचा, कारण त्या फुगलेल्या पोशाखात कंबर वाकत नाही. पिशवीवरचा क्रमांक मोठ्यानं वाचायचा. आणि शेवटी, ज्यात या कामाचा सगळा काटेकोरपणा एकवटलाय, तो फोटो. दगड गेल्यानंतर उरलेल्या मोकळ्या जागेचा.

हा थाटमाट उगाच नव्हता. चंद्रावर पडून असलेल्या दगडाची वरची बाजू लाखो वर्षं वैश्विक किरण आणि बारीक उल्काकणांचा मारा सोसते, खालची सावलीत सुखरूप असते. वर काय होतं आणि खाली काय, हे कळलं तर तो तिथे किती काळ पडून होता हे काढता येतं. म्हणून ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत फोटोतल्या सावल्या जुळेपर्यंत दगड दिव्याखाली फिरवून फिरवून बघत. साक्षीदार उलटा बसवला तर साक्षही उलटी.

महाराष्ट्रातल्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. तेही ‘फील्ड’वर जातात, घाटातल्या कापलेल्या कड्यापाशी उतरतात, ताजा पापुद्रा मिळावा म्हणून ठोकतात, भिंग डोळ्याला लावतात आणि सँपलवर मार्करनं नंबर घालतात. त्यांच्यापाशी नोमॉन नसतो, फोटोत हातोडा किंवा पेन ठेवून भागतं. एक फरक मात्र फार मोठा. चंद्रावर दहा मिनिटं दगडाशी बोलत बसलं तरी कुणी येऊन उभं राहत नाही. इकडे पाचव्या मिनिटाला एक दुचाकी थांबते आणि काका विचारतात, ‘काय, सोनं लागलं का?’ नाही म्हटलं की दुसरा प्रश्न ठरलेला असतो, आणि तो पहिल्यापेक्षा कितीतरी रास्त असतो, ‘मग आमच्या वावरात बोअरला पाणी कुठे लागेल तेवढं सांगा.’

लोकांच्या शंका परदेशातही कमी नव्हत्या. कॅनडात ओंटारिओमधल्या सडबरीला अपोलो १६ आणि १७ चे अंतराळवीर १९७१ आणि १९७२ मध्ये सरावाला गेले. तिथल्या निकेल आणि तांब्याच्या भट्ट्यांच्या धुरानं आसपासची झाडी होरपळून डोंगर काळे पडले होते. त्यामुळे ‘नासाला आमचं गाव चंद्रासारखं भकास वाटलं’ अशी समजूत पसरली आणि गावाच्या कपाळावरून ती पुसता पुसता पुसेना. खरं कारण गावाची शान वाढवणारं होतं. सडबरीचं खोरं म्हणजे अतिप्राचीन महाकाय आघातविवर. तिथे आघाताच्या तडाख्यानं खडकात उमटलेले शंकूच्या आकाराचे चरे आणि चुरा होऊन पुन्हा जुळलेला खडक उघड्यावर बघायला मिळतो. अंतराळवीर तो बघायला आले होते. पण भकासपणाची गोष्ट सांगायला सोपी, आणि चऱ्यांची समजवायला अवघड. लोकांनी सोपी उचलली.

जर्मनीतल्या नॉर्डलिंगेनचं उलट. हे गाव विवराच्या आतच वसलंय आणि शतकानुशतकं ते विवर ज्वालामुखीचं समजलं जाई. १९६० मध्ये शूमेकर आणि एडवर्ड चाओ यांनी तिथल्या दगडात कोएसाइट हे प्रचंड दाबाखालीच तयार होणारं खनिज दाखवून आघात सिद्ध केला. तो दगड म्हणजे स्वेव्हाइट, आणि गावच्या सेंट जॉर्ज चर्चचा उंच मनोरा त्याचाच बांधलेला. भाविक पिढ्यान्‌पिढ्या उल्कापाताच्या पुराव्याखाली प्रार्थना करत होते. १९७० च्या ऑगस्टमध्ये अपोलो १४ चे ॲलन शेपर्ड, एडगर मिचेल आणि त्यांचे राखीव जोडीदार जीन सर्नन व जो एंगल तिथे धडे गिरवायला आले.

या सगळ्या सराव-संसारात सर्वांत गोड प्रकरण होतं ग्रोव्हर. चंद्रावर चालवायची खरी गाडी इतकी हलकी बनवली होती की पृथ्वीवर त्यात दोन माणसं बसली असती तर ती कोलमडली असती. त्या गाड्यांच्या प्रकल्पावर कोट्यवधी डॉलर ओतले गेले. सरावासाठी फ्लॅगस्टाफच्या भूवैज्ञानिकांनी तशीच दिसणारी, पण पृथ्वीचं वजन पेलणारी गाडी स्वतःच्या कार्यशाळेत बनवली. खर्च आला सुमारे १९०० डॉलर. असा जुगाड करणाऱ्याला आपल्याकडे मिस्त्री म्हणून मान मिळाला असता, तिथे तो जुगाडच आता जपून ठेवलाय.

मग परीक्षा.

पहिला पेपर आर्मस्ट्राँगचा, जुलै १९६९. चंद्रावर पाऊल ठेवल्यावर थोड्याच वेळात त्यानं दांड्याच्या फावडीनं माती उचलून पोशाखाच्या मांडीवरच्या खिशात टाकली. कारण आणीबाणी येऊन लगेच निघावं लागलं तर रिकाम्या हातांनी परतणं नको. मानवजातीच्या सगळ्यात दूरच्या प्रवासात पहिली खरेदी खिशात गेली. शेवटी निघण्याच्या घाईत त्याला नमुन्यांची पेटी रिकामी रिकामी वाटली, म्हणून त्यानं पटापट मातीचे फावडे मारून ती भरली. दगड हलू नयेत म्हणून घातलेल्या या मातीवर पुढे जगभरच्या प्रयोगशाळांनी इतकं संशोधन केलं की पेटीतल्या निवडक दगडांनी हेवा करावा.

अपोलो १४ चे शेपर्ड आणि मिचेल दोन चाकी हातगाडी ओढत कोन विवराच्या काठाकडे चढू लागले. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षानं त्यांना नकाशा दिला होता. पण हवा नाही, झाड नाही, घर नाही, त्यामुळे समोरचा धोंडा हाताशी की कोसभर दूर, कळायला मार्ग नाही. हरेक उंचवट्यावर काठ आला असं वाटायचं आणि पुढे दुसरा उंचवटा असायचा. दमून ते मागे फिरले. पुढे चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाच्या फोटोंत दिसलं की काठ उरला होता जेमतेम ३० मीटर. शेपर्डनं मात्र परतण्याआधी नमुने गोळा करायच्या अवजाराच्या दांड्याला गोल्फच्या काठीचं टोक बसवून चेंडू टोलवला. सिंडर लेकच्या मास्तरांना त्या घडीला काय वाटलं असेल!

त्याच मोहिमेतला नऊ किलोंचा एक मोठा दगड आहे, ‘बिग बर्था’. २०१९ मध्ये काही शास्त्रज्ञांनी मांडलं की त्यात अडकलेला एक तुकडा मुळात पृथ्वीवरचा असावा, चार अब्ज वर्षांपूर्वी एखाद्या आघातानं उडून चंद्रावर पडलेला. हे खरं असेल तर ही जोडी साडेतीन लाखांहून अधिक किलोमीटर जाऊन घरचाच दगड घेऊन आली.

अपोलो १५ चं यश सिल्व्हर यांच्या प्रगतिपुस्तकात लाल शाईनं लिहायला हवं. १९७१ च्या जुलैअखेर स्कॉट आणि अर्विन गाडीतून परतत होते. ऑक्सिजनचा हिशेब बघून ह्यूस्टननं थांबायला मनाई केली होती. तेवढ्यात स्कॉटला एकटाच पडलेला, भोकांनी भरलेला काळा बेसॉल्ट दिसला. सह्याद्रीत फिरणाऱ्याला असा दगड रस्त्याच्या कडेला सहज भेटतो. स्कॉटला तो सोडवेना. मग त्यानं सांगितलं, सीटबेल्ट नीट करायला थांबतोय. अर्विननं प्रसंग ओळखला आणि आजूबाजूच्या विवरांचं रसभरीत वर्णन सुरू ठेवलं, म्हणजे ह्यूस्टनला शांततेचा संशय नको. तेवढ्या वेळात स्कॉटनं उतरून फोटो काढले, दगड उचलला आणि शहाण्यासारखा जागेवर येऊन बसला. त्या दगडाला आजही ‘सीटबेल्ट बेसॉल्ट’ म्हणतात. जो माणूस कधीकाळी खनिजांच्या यादीला जांभया देत बसत असेल, त्यानं दगडासाठी नियंत्रण कक्षाला थाप मारावी, यापेक्षा मोठी गुरुदक्षिणा कोणती?

दुसऱ्या दिवशी त्यांना मातीच्या छोट्याशा उंचवट्यावर बसलेला पांढुरका, लखलखणारा दगड दिसला. सिल्व्हर यांनी त्यांना लॉस एंजेलिसजवळच्या सॅन गेब्रिएल डोंगरात अनॉर्थोसाइट दाखवून ठेवला होता, म्हणून ओळख पटायला क्षणही लागला नाही. चंद्राचं मूळचं कवच ज्याचं बनलेलं असावं असा तो खडक, म्हणजे इस्रोनं तमिळनाडूत दळला तोच. वृत्तपत्रांनी या २६९ ग्रॅमच्या दगडाचं ‘जेनेसिस रॉक’ असं बारसं केलं.

अपोलो १६ मध्ये मात्र शिष्यांनी गुरूंचाच पेपर तपासला. देकार्त पठाराचा भाग ज्वालामुखीजन्य असणार, अशी पृथ्वीवरच्या तज्ज्ञांची जवळजवळ खात्री होती. त्याप्रमाणे सराव झाला होता. एप्रिल १९७२ मध्ये यंग आणि ड्यूक उतरले आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना दिसला तो ब्रेक्शिया, म्हणजे आघातांनी चुरडून पुन्हा चिकटलेला खडक. लाव्हा कुठेच नाही. त्यांनी प्रामाणिकपणे तसं सांगितलं. एका अख्ख्या विद्याशाखेचा अंदाज चुकल्याची बातमी दोन माजी चाचणी वैमानिकांनी थेट प्रक्षेपणात दिली, आणि नंतर प्रयोगशाळेनंही तीच खरी ठरवली.

याच ठिकाणी तज्ज्ञमंडळाचे प्रमुख बिल म्यूलबर्गर यांच्या पथकाला टीव्हीवर प्लम विवराच्या काठाशी एक मोठा धोंडा दिसला आणि त्यांनी तो हवाच असा निरोप धाडला. ड्यूक तो मांडीला टेकवत वर ओढताना पुटपुटला, की यापायी आपण विवरात पडलो तर म्यूलबर्गर यांची काही खैर नाही. ११.७ किलोंचा हा धोंडा अपोलोनं आणलेला सर्वांत जड दगड. त्याचं नाव ‘बिग म्यूली’.

आणि १७ व्या मोहिमेत अखेर श्मिट गेला. खरं तर त्याची वर्णी १८ व्या मोहिमेत लागली होती, ती रद्द झाली. मग वैज्ञानिकांच्या आग्रहाखातर त्याला १७ मध्ये घेतलं आणि जो एंगलची जागा गेली, ज्यानं नॉर्डलिंगेनपासून सगळी शिकवणी इमानेइतबारे पूर्ण केली होती. अशा बदल्यांची चर्चा कुठल्याही कचेरीत महिनाभर पुरते. श्मिटनं शॉर्टी विवराच्या काठावर नारिंगी माती शोधून आपली निवड सार्थ केली. ती साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी कारंजातून उडालेली काचेचे बारीक मणी निघाले. एकट्या या मोहिमेनं ११० किलोंच्या वर नमुने आणले, सहा मोहिमांनी मिळून ३८२ किलो. सोव्हिएत यंत्रमानवांच्या तीन मोहिमांनी मिळून तेव्हा जेमतेम ३२६ ग्रॅम आणले होते. तेवढ्यात चटणी होते, पंगत नाही.

शिकवणी आजही बंद पडलेली नाही. युरोपियन स्पेस एजन्सी २०१६ पासून ‘पँजिया’ या नावानं अंतराळवीरांना इटलीतल्या डोलोमाइट डोंगरांत, नॉर्डलिंगेनच्या त्याच विवरात आणि लान्झारोटे बेटावर दगड ओळखायला नेते. नासाच्या आर्टेमिस २ या चांद्रमोहिमेच्या चमूनं २०२४ मध्ये आइसलँडला सराव केला, आणि त्यांना तर चंद्रावर उतरायचंच नव्हतं, नुसतं वरून फिरून बघायचं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात केट रुबिन्स आणि आंद्रे डग्लस या अंतराळवीरांनी फ्लॅगस्टाफजवळ नकली पोशाखात चांद्रपदभ्रमणाची तालीम केली. रुबिन्स सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, म्हणजे सवय न दिसणाऱ्या गोष्टींची. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाशी सूर्य क्षितिजाला चिकटून असतो आणि सावल्या लांबलचक पडतात, म्हणून आता अशा तालमी रात्री, एका बाजूनं प्रखर दिवा लावूनही होतात. पाठीमागे ह्यूस्टनमध्ये तज्ज्ञांची खोली, पुढे रेडिओ, मध्ये दगड, आणि तोच तो प्रश्न, तोच का?

अपोलोच्या जमाखर्चात एक नोंद मात्र उलट्या बाजूची आहे. बेंडजवळच्या लाव्हात अंतराळवीरांनी सराव केला, त्या मुलखातल्या एका गृहस्थानं अर्विनला गळ घातली की आमच्याकडचा एवढासा तुकडा तिकडे ठेव. अर्विननं तो ओरेगनचा लाव्हाचा कपचा नेला आणि हॅडलीच्या आसपास ठेवून दिला. उद्या कुणी ताजा पदवीधर नोमॉन, कॅमेरा आणि क्रमांकित पिशव्या घेऊन तिथे पोचेल, चारही बाजूंनी फोटो काढेल, वर्णन करेल, भिंग लावेल. आसपासच्या कशाशीच त्याचं नातं जुळेना म्हणून तो ह्यूस्टनला विचारेल. तज्ज्ञांच्या खोलीत मग किती शोधनिबंधांचे विषय एका दमात ठरतील, आणि ओरेगनमधून कुणाचा फोन किती वेळानं येईल, एवढंच बघायचं.